पुरेसे किती? पुण्याच्या आजीव सभासदांचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात पुण्यातील सुशिक्षित तरुणापुढे पोटापाण्याचे मार्ग मोजके होते आणि त्यांचा क्रमही ठरून गेलेला होता. पदवी मिळाली की सरकारी नोकरी धरावी, ती मुलकी किंवा न्यायखात्यात मिळाल्यास उत्तम, आणि त्यातले काही साधले नाही तर वकिली करावी किंवा शाळाखात्यात मास्तरकी पत्करावी, असा तो क्रम होता. तो सहसा कोणी मोडीत नसे, कारण एका पदवीधराच्या मागे आईवडील, माहेरी परतलेली बहीण वा आत्या, शिकणारे धाकटे भाऊ आणि बहुधा त्याच्याच शिक्षणासाठी काढलेले कर्ज असा सगळा गोतावळा त्याच्या पहिल्या पगाराची वाट पाहत असे. आयुष्यात अधिक मोलाचे काय, पगार, हुद्दा, कुटुंबाची सोय की मनाजोगे काम, हा प्रश्न अशा घरात उघडपणे विचारला जाण्याची शक्यताच कमी होती. तो विचारला गेला, त्याला नियमांचे रूप दिले गेले आणि त्या नियमांवरून पुढे मने तुटेपर्यंत भांडणेही झाली, ती पुण्यात रुजलेल्या आजीव सभासदत्वाच्या प्रथेत.

आजीव सभासद म्हणजे मोठी देणगी देऊन मिळवलेले मानाचे सभासदत्व नव्हे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या नियमांत या शब्दांचा अर्थ बराच कठोर होता. सभासद होणाऱ्याने वीस वर्षे संस्थेच्या शाळेत किंवा कॉलेजात शिकवण्याचे वचन द्यावे, त्या बदल्यात बेताचे वेतन घ्यावे, आणि संस्थेच्या अंतर्गत कारभारात इतर आजीव सभासदांच्या बरोबरीने मत द्यावे, असा तो करार होता. नोकर आणि मालक ही दोन्ही नाती एकाच माणसाच्या ठिकाणी एकवटणारी अशी व्यवस्था तत्कालीन महाराष्ट्रात जवळजवळ अपरिचित होती. मराठी चरित्रलेखनाला या प्रथेकडे त्यागाची गाथा म्हणून पाहण्याची सवय जडली आहे, आणि त्या सवयीमुळे तिच्यातील हिशेबीपणा, जो तिचा सर्वांत लक्षणीय गुण होता, नजरेआड राहिला आहे.

प्रथेचा उगम १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आहे. 'निबंधमाला'कार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७९ मध्ये सरकारी शाळेतील नोकरी सोडली होती. त्याच सुमारास डेक्कन कॉलेजात पुढील शिक्षण घेणारे बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांनी सरकारी नोकरी न करता शिक्षणाच्या कामाला वाहून घेण्याचा बेत ठरवला होता. टिळक आरंभापासून शाळेत होते, आगरकर एम. ए. होऊन १८८१ मध्ये आले. महादेव बल्लाळ नामजोशी आणि पुढे कोशकार म्हणून प्रसिद्धीस आलेले वामन शिवराम आपटे हेही या मंडळींत होते. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघाली, १८८२ मध्ये विष्णुशास्त्री वारले, आणि त्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांविषयीच्या लेखनावरून टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. शाळा, छापखाना, वर्तमानपत्र आणि तुरुंग हे सारे अवघ्या तीन वर्षांत एकाच मित्रमंडळाच्या वाट्याला आले होते. त्यामुळे कोणते काम शाळेचे, कोणते मित्रांचे आणि कोणते ज्याचे त्याचे, याची वाटणी आरंभी झालीच नाही. पुढच्या कलहाची बीजे या सरमिसळीत होती.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची रीतसर स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या नावाचे कॉलेज सुरू झाले, तेव्हा तोंडी समजुतींना नियमांचे रूप देणे भाग पडले. संस्थापकांपुढे, विशेषतः टिळकांपुढे, नमुना होता तो जेझुइट पाद्र्यांचा. रोमन कॅथलिक पंथातील या संघाचे लोक शिक्षणाचे काम निर्वाहापुरते घेऊन करीत, आणि त्यांनी चालवलेले मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज पुणेकरांच्या पाहण्यातले होते. मात्र जेझुइट हे ब्रह्मचारी संन्यस्त होते आणि पुण्याची मंडळी घरसंसाराची होती. हा फरक नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. महिना ७५ रुपये वेतन, आणि सभासद अकाली गेल्यास त्याच्या कुटुंबाच्या हाती काही पडावे म्हणून संस्थेच्या खर्चाने ३,००० रुपयांचा आयुष्याचा विमा, अशी जी तरतूद रूढ झाली तिच्यात संन्याशाच्या व्रताला गृहस्थाश्रमाची ठिगळे लावलेली स्पष्ट दिसतात.

७५ रुपये ही रक्कम फार थोडी होती असेही नाही. साध्या राहणीच्या कुटुंबाचा तीत निर्वाह होत असे, आणि शहरातील बहुसंख्य कष्टकऱ्यांना ती स्वप्नवत वाटली असती. ती अपुरी ठरे ती पदवीधराच्या बरोबरीच्या माणसांशी तुलना केली असता. सहाध्यायी मामलेदार होऊन, सबजज्ज होऊन बढतीच्या पायऱ्या चढत असताना आजीव सभासदाचा आकडा जागचा हलत नसे. या स्थिर आकड्याचा एक परिणाम मात्र चरित्रकारांनी सांगितला आहे त्याहून मोठा असावा. वेतन ठरले, ते सर्वांना सारखे ठरले आणि बढतीचा मार्गच बंद झाला, की वरिष्ठाची मर्जी, बदलीची धास्ती आणि शेजाऱ्याच्या पगाराशी चालणारी रोजची मनातली तुलना यांतून माणूस एकदम मोकळा होतो. पुरेसे किती, हा प्रश्न दर महिन्याला नव्याने सोडवावा लागत नाही. आगरकरांनी एम. ए.च्या सुमारास आईला लिहिलेले पत्र मराठी वाचकांना परिचित आहे. मोठ्या पगाराची आशा न ठेवता पोटापुरत्या पैशात संतोष मानून आपला वेळ लोकहितासाठी खर्च करण्याचा निश्चय त्यात त्यांनी कळवला होता. कराडजवळच्या टेंभू गावी गरिबीत वाढलेल्या आणि मोठ्या हालअपेष्टांत शिकलेल्या मुलाने हे आईला कळवणे यात निश्चयाइतकाच अपराधाचा भावही असणार, हे त्या पत्राच्या गौरवात सहसा ध्यानात घेतले जात नाही.

येथे एक समकालीन घटना नोंदवणे उचित होईल. ज्या १८८४ सालच्या ऑक्टोबरात पुण्यात ही संस्था स्थापन झाली, त्याच सालच्या सप्टेंबरात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांची मागणी केली, आणि त्या मागणीच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. आठवड्याची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावे लागले. पुण्याच्या पदवीधरांनी पैशाच्या बदल्यात मनाजोगे काम निवडले. गिरणी कामगारापुढे असा सौदा मांडलाच गेला नव्हता, त्याला कामातून सुटलेला एक दिवस हवा होता. आपल्या आयुष्याचा अग्रक्रम ठरवण्याची मुभा हीच मुळात एक मिळकत असते, आणि १८८४ मध्ये ती पांढरपेशा, बव्हंशी ब्राह्मण आणि सर्वस्वी पुरुष अशा लहानशा वर्गाजवळ होती.

या वर्गातही ती मिळकत सुखाने नांदली नाही. १८८७ पासून आजीव सभासदांच्या बैठकांत जे वाद सुरू झाले, त्यांचे वरवरचे कारण पैसा असले तरी मूळ कारण वेळ हे होते. वाढत्या कुटुंबाच्या आणि आजारपणाच्या गरजांमुळे काही सभासदांना वेतन वाढवून हवे होते किंवा प्रसंगी खास मदत हवी होती. आगरकर त्यांपैकी होते आणि त्यांना दम्याचा जुनाट विकार होता. टिळकांचे म्हणणे असे की एकदा निर्वाहाचा आकडा मान्य केल्यावर तो गरजेप्रमाणे वाढवू लागले तर व्रत आणि नोकरी यांत फरक उरणार नाही. त्याच काळात इंदूरच्या होळकर महाराजांनी दिलेल्या ७०० रुपयांच्या देणगीवरून, ती व्यक्तींना दिलेली की संस्थेच्या कामाला दिलेली, असाही तंटा माजला. रक्कम क्षुल्लक होती. परंतु जेथे सर्वांचे उत्पन्न सारखे ठेवण्यावर सारी इमारत उभी असते तेथे बाहेरून आलेला प्रत्येक रुपया हा तत्त्वाचा प्रश्न होऊन बसतो, आणि मित्रामित्रांत तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला की तो बहुधा मैत्रीलाच खाऊन संपतो.

वेळेचा प्रश्न याहून अवघड होता. रोजचे तास शिकवून झाल्यावर उरणारा वेळ सभासदाचा स्वतःचा की संस्थेचा? टिळकांच्या मते जेझुइटांप्रमाणे आजीव सभासदाने आपली सारी शक्ती संस्थेतच खर्च करावी आणि बाहेर मिळकतीची कामे करू नयेत. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की वर्ग नीट घेतले, निकाल चांगले लागले, तर उरलेल्या वेळात ग्रंथ लिहिणे, पत्र चालवणे किंवा सार्वजनिक सभेचे काम करणे यात वचनभंग नाही. आगरकरांनी सामाजिक सुधारणेवरील मतभेदामुळे १८८७ मध्ये 'केसरी' सोडला होता आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये 'सुधारक' काढला होता. त्याच्या इंग्रजी भागाचे काम तरुण सभासद गोपाळ कृष्ण गोखले पाहत होते. १८९० मध्ये गोखल्यांनी पुणे सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा वादाला तोंड फुटले. स्वतः टिळकही वर्तमानपत्रांत गुंतलेले आहेत, असे प्रतिपक्षाने सुनावले, आणि हे सुनावणे अगदीच निराधार नव्हते. डिसेंबर १८९० मध्ये टिळकांनी आपल्या भूमिकेचा सारा इतिहास सांगणारा प्रदीर्घ राजीनामा लिहून संस्था सोडली.

या राजीनाम्याचा निवाडा एकोणिसाव्या शतकापासून पक्षाभिमानानेच होत आला आहे; टिळकभक्तांना त्यात निष्ठा दिसते, आगरकर-गोखले यांच्या चाहत्यांना हट्ट दिसतो. नियमांच्या दृष्टीने पाहिल्यास दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या असे म्हणावे लागते, कारण १८८४ च्या मसुद्यात पैशाचा हिशेब चोख बांधलेला होता आणि वेळेचा हिशेब मोघम ठेवलेला होता. टिळकांनी पुढे जे जीवन स्वीकारले ते या मोघमपणावरचे भाष्यच आहे. त्यांनी कायद्याचा वर्ग चालवून आणि लातूरच्या कापूस कारखान्यात भागी ठेवून निर्वाहाची स्वतंत्र सोय केली, 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे कर्जासह आपल्याकडे घेतली, आणि उपजीविका व ध्येय यांची खाती वेगळी केली. संस्थेत असताना ज्या तत्त्वाचा त्यांनी सर्वांत अधिक आग्रह धरला होता त्याच्या नेमकी उलट ही रचना होती, आणि त्यांच्या स्वभावाला ती अधिक मानवली.

आगरकर संस्थेतच राहिले. आपटे १८९२ मध्ये वारल्यावर ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, दम्याने त्यांचा अंत झाला. पहाटेपर्यंत लेखन, दिवसा अध्यापन आणि मध्ये श्वासाशी झुंज असे ते आयुष्य होते. त्याला सुखाचे आयुष्य म्हणावे का, याचे उत्तर सुखाच्या कल्पनेवर अवलंबून राहील. आगरकर स्वतः बुद्धिवादी असल्यामुळे परलोकातील भरपाईचा आधार त्यांना नव्हता, हे मात्र उत्तर देताना विसरता येत नाही.

गोखल्यांचे उदाहरण निराळ्या वळणाचे आहे. १८८५ मध्ये शाळेत साधे शिक्षक म्हणून आलेले गोखले पुढच्याच वर्षी आजीव सभासद झाले, आणि गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असा संस्थेला जेव्हा जो विषय लागेल तो शिकवू लागले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून दीर्घकाळ चालले आणि त्याच्या उत्पन्नाने त्यांच्या संसाराला आधार दिला. म्हणजे ज्या बाहेरच्या मिळकतीवरून टिळकांनी संस्था सोडली, तीच गोखल्यांना संस्थेत टिकून राहायला साहाय्यक झाली. १८९७ मध्ये लंडनला हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष, १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळ असा त्यांचा सार्वजनिक व्याप वाढत गेला, आणि वचनाची मुदत जवळपास पुरी होत आल्यावर १९०२ मध्ये ते अल्पशा पेन्शनवर कॉलेजातून निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात शिक्षकाच्या शांत आयुष्यातून राजकारणाच्या बेभरवशाच्या क्षेत्रात जाताना वाटणारी हुरहुर त्यांनी लपवली नाही. तीन वर्षांनी, १२ जून १९०५ रोजी, त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि सभासदांसाठी सात प्रतिज्ञा ठरवल्या. समाज देईल त्या तरतुदीत सभासदाने समाधान मानावे आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करू नये, अशी अट त्यांत होती. नव्या सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. वेळेविषयीचा मोघमपणा येथे उरला नाही. १८९० मध्ये टिळकांनी मांडलेली सक्ती पंधरा वर्षांनी त्यांच्याच प्रतिस्पर्ध्याने, वेगळ्या कामासाठी का होईना, नियमांत आणली, हा या इतिहासातला एक गमतीचा भाग आहे.

केंब्रिजला १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर झालेले, म्हणजे गणिताच्या मानाच्या परीक्षेत पहिले आलेले, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०२ मध्ये परत येऊन त्याच ७५ रुपयांवर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्यापुढे सरकारी शिक्षणखात्याची दारे उघडी होती, आणि त्यांच्या या निवडीने प्रथेला जी प्रतिष्ठा मिळाली ती वीस वर्षांच्या प्रचाराने मिळाली नसती.

टिळकांच्या जाण्याने गणिताची जी जागा रिकामी झाली होती, तीवर १८९१ मध्ये गोखल्यांच्या बोलावण्यावरून आले ते धोंडो केशव कर्वे. मुंबईत मुलींच्या शाळांतील तास आणि शिकवण्या यांवर त्यांचे बरे चालले होते. पुढच्या वर्षी ते आजीव सभासद झाले, १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला, आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. मिळकतीतील ठरावीक हिस्सा आधी बाजूला काढायचा आणि उरलेल्यात संसार करायचा, ही त्यांची जुनी शिस्त होती. कोकणातील आपल्या गावासाठी त्यांनी चालवलेला मुरूड फंड याच वृत्तीतून आला होता. फर्ग्युसनमध्ये दिवसाचे तास घ्यावेत आणि संध्याकाळी पायी चालत पुण्याजवळच्या हिंगण्याला आश्रमात जावे, असा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता. उरलेल्या वेळाचा जो प्रश्न टिळक आणि आगरकर यांच्या पक्षांना सोडवता आला नाही, तो कर्व्यांनी कोणताही सिद्धांत न मांडता चालून सोडवला.

परंतु संसाराच्या बाजूने या शिस्तीची किंमत वेगळी दिसे. आजीव सभासदांच्या बैठकीत बायकांना मत नव्हते, आणि ७५ रुपयांतून किती बाहेर जावेत हे ठरत असताना स्वयंपाकघरातल्या डब्यांचा हिशेब मांडला जात नव्हता. आनंदीबाईंनी 'माझे पुराण' या १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात ही बाजू कसलाही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. पतीचे मोठेपण त्या मान्य करतात, आणि त्या मोठेपणापायी मुलांच्या भविष्याची काळजी कोणाच्या डोक्यावर राहिली हेही बजावतात. पुण्याच्या या प्रथेविषयी जे काही छापले गेले त्यात या पुस्तकाइतका रोखठोक हिशेब क्वचितच आढळेल.

हिंगण्यातच प्रथेला तिच्या संस्थापकांनी न कल्पिलेले वळण मिळाले. १९०८ मध्ये कर्व्यांनी निष्काम कर्ममठ स्थापन केला, आणि सारे आयुष्य संस्थेला वाहण्याचे, निर्वाहापुरते घेण्याचे तेच वचन आता स्त्रियाही देऊ लागल्या. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या त्यांतल्या प्रमुख. आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या देशभर हिंडल्या आणि पुढे इंग्रजीचे जुजबी ज्ञान घेऊन एकट्या अमेरिकेपर्यंत गेल्या. पदवीधर पुरुषाच्या दृष्टीने आजीव सेवा म्हणजे असलेल्या संधी सोडणे होते. सोवळ्या विधवेजवळ सोडण्यासारखी संधी नव्हती; तिच्या हाती पडणारे निर्वाहवेतन ही बहुधा तिची पहिलीच स्वतःची कमाई असे, आणि संस्थेत मिळणारे कामाचे स्थान हे घरातल्या कोपऱ्यापेक्षा कितीतरी ऐसपैस होते. एकाच वचनात एकाला त्याग आणि दुसरीला मोकळीक मिळावी, ही गोष्ट १८८४ चा मसुदा लिहिणाऱ्यांच्या मनात आली असण्याचा संभव नाही.

पुण्याबाहेरही अशा तऱ्हेची माणसे आणि संस्था दिसतात. लाहोरला १८८६ मध्ये सुरू झालेल्या दयानंद अँग्लो-वैदिक शाळेत लाला हंसराज यांनी वेतनच न घेण्याचे ठरवले आणि त्यांच्या भावाने आपल्या पगाराचा अर्धा भाग त्यांच्या निर्वाहासाठी दिला, म्हणजे तेथे व्रताचा भार उघडपणे कुटुंबाने उचलला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत आजीव सेवकांची परंपरा बहुजन समाजातील शिक्षकांनी चालवली, आणि वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने विकले गेले. येथेही हिशेबाची वही पुरुषांची आणि दागिने बायकोचे, ही वाटणी कायम होती.

स्वातंत्र्योत्तर काळात खाजगी शिक्षणसंस्थांना सरकारी अनुदान नियमित मिळू लागले, शिक्षक-प्राध्यापकांच्या वेतनश्रेणी शासनाने ठरवल्या, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन यांची सोय झाली. त्यामुळे आजीव सभासदाने स्वतःहून कमी घेण्याची गरज उरली नाही, आणि ज्या नियमांत एकेकाळी पगाराचे, विम्याचे आणि मुदतीचे कलम सर्वांत महत्त्वाचे होते, त्यांत आता कारभाराच्या अधिकारांची कलमे पुढे आली. सभासदत्व काही ठिकाणी टिकले. त्यासाठीची चुरस मात्र वेतनाऐवजी मतासाठी होऊ लागली.